अडथळ्याची कावीळ: देवगडहून निघून ऑपरेशन करून परत येईपर्यंत

काकांना आधी खाज सुटली, पिवळेपणा नंतर आला. जानेवारी होता, कलमं मोहरली होती, फवारणीचे दिवस होते. तळहात आणि तळपाय खाजायचे, रात्री जास्तच. "माका काय एक होवक नाय, फवारणीचा औषध अंगार पडला," हे त्यांचं स्वतःचं निदान. गावात मलम मिळालं, मग खरजेचं औषध. फेब्रुवारीत डोळे पिवळे दिसले तेव्हा काकीने कुठूनशी मुळी आणून दंडाला बांधली, तेल-मासळी बंद केली, आणि आठ-दहा दिवसांत पिवळेपणा खरोखरच उतरला. वाडीत त्या मुळीचं नाव झालं. मार्चमध्ये, पहिल्या पेट्या भरायच्या वेळेला, कावीळ परत आली ती हळद फासल्यासारखी.

मुळीचा त्यात काही संबंध नव्हता. पित्तनलिका आतड्यात उघडते त्या तोंडाशी गाठ असेल तर तिचा थोडा भाग कधीकधी आपोआप झडतो, वाट जराशी मोकळी होते, तुंबलेलं पित्त वाहतं आणि कावीळ कमी झालेली दिसते. गाठ मात्र जागच्या जागी वाढत असते. हे मला पुढे परळला एका सर्जननी केसपेपरच्या मागे चित्र काढून समजावलं. मी डॉक्टर नाही, डोंबिवलीत राहणारा चाकरमानी आहे. काकांची फाइल घेऊन धावलो, त्यातून जे कळलं ते क्रमाने लिहितो. निर्णय अर्थात तुमच्या डॉक्टरांचाच.

घरात बसून काय बघायचं

यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. उजवीकडून आणि डावीकडून येणाऱ्या नळ्या यकृताच्या तोंडाशी एकत्र होतात, वाटेत पित्ताशयाची नळी मिळते, मग ही मुख्य पित्तनलिका स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाऊन लहान आतड्याच्या सुरुवातीला उघडते. शेतातल्या पाटासारखी ही व्यवस्था आहे. पाट कुठे तुंबला, त्यावर सगळा पुढचा इलाज ठरतो.

तुंबलं की पित्त रक्तात जातं. लघवी कोऱ्या चहासारखी होते. शौचाला जो पिवळा-तपकिरी रंग असतो तो पित्ताचाच, त्यामुळे शौच पांढुरकं, शाडूच्या मातीसारखं होतं. त्यात खाज आली की संशय पक्का धरावा. काकांना कोणी शौचाचा रंग विचारलाच नाही, आणि ते स्वतःहून सांगतील असा माणूस नव्हे. विचारायला लाजू नका.

दूषित पाण्यातून येणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए किंवा ई, बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपण ओसरते. मुळ्या, माळा आणि चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवणाऱ्यांचं सगळं नाव त्या रुग्णांवर उभं आहे. पावसाळ्यात भाताच्या खाचरात राबणाऱ्याला ताप, पोटऱ्या दुखणं, लाल डोळे आणि कावीळ असं एकत्र आलं, तर आधी लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाचा, विचार होतो आणि तो लगेचच व्हायला हवा. ह्या दोन्हींचा सर्जनशी संबंध नाही.

दोन परिस्थितींत मात्र थांबू नये. एक, कावीळ, थंडी वाजून ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखणं, ही तिन्ही एकत्र. ह्याचा अर्थ तुंबलेल्या पित्तात जंतू वाढलेत. रुग्ण गुंगीत जायला किंवा त्याचा रक्तदाब खाली यायला वेळ लागत नाही. त्याच दिवशी सलाइन, अँटिबायोटिक आणि पित्ताला वाट करून देणारं रुग्णालय गाठायचं. दुसरी, तान्ह्या बाळाची. जन्मानंतर चौदा दिवस उलटूनही कावीळ असेल आणि शी पांढरट होत असेल, तर "दाखवू सव्वा महिना झाल्यावर" असं म्हणू नये. पित्तनलिका जन्मतःच बंद असण्याच्या आजारात कसाई नावाच्या जपानी सर्जननी शोधलेलं ऑपरेशन करतात, आणि ते बाळ साठ दिवसांचं होण्याआधी झालं तर सर्वांत चांगलं. बाळंतीण माहेरी, बाळ कोवळ्या उन्हात ठेवलेलं, यातच हे दिवस निघून जातात.

तालुक्याला होणाऱ्या तपासण्या

पहिली फेरी तालुक्याच्या ठिकाणी होते आणि तिथे फार खर्च नाही. लिव्हर फंक्शन टेस्ट, सीबीसी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), साखर, हिपॅटायटिस बी आणि सीच्या चाचण्या, आणि पीटी-आयएनआर. हे शेवटचं पुष्कळदा राहून जातं. पित्त आतड्यात पोचलं नाही तर के जीवनसत्त्व शोषलं जात नाही, रक्त गोठायला उशीर लागतो. के जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनने ते बहुधा सुधारतं, पण आधी कळायला हवं.

रिपोर्ट ढोबळपणे असा वाचतात. एकूण बिलिरुबिन साधारण १.२ पर्यंत असावं, अडीच-तीनच्या पुढे डोळ्यांना पिवळेपणा दिसतो. एसजीपीटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की चढतं ते) हजाराच्या घरात असेल तर विषाणूची कावीळ असण्याची शक्यता जास्त. बिलिरुबिनमधला डायरेक्ट भाग मोठा, अल्कलाइन फॉस्फटेज (पित्त तुंबलं की चढतं ते) चांगलंच चढलेलं आणि एसजीपीटी त्या मानाने थोडं, असं चित्र असेल तर कुठेतरी अडथळा आहे.

मग सोनोग्राफी, उपाशीपोटी. कागदावर दोन गोष्टी शोधा: यकृताच्या आतल्या नळ्या फुगल्यात का आणि मुख्य नलिका किती मिलिमीटरची आहे. सहा-सात मिलिमीटरपर्यंत ठीक धरतात. काकांची सतरा होती. खालचं टोक आतड्यातल्या हवेमुळे सोनोग्राफीत नीट दिसत नाही, म्हणून "खडा दिसला नाही" ह्याचा अर्थ "काही नाही" असा घेऊ नका. नळी फुगली आहे म्हणजे पुढे काहीतरी आडवं आहेच.

घाई कुठे करायची नाही

इथपर्यंत घाई करा असं सांगितलं, आता उलट सांगतो. अडथळा कळला की पुष्कळदा कोणीतरी म्हणतं, उद्याच दुर्बिणीतून स्टेंट टाकू, कावीळ उतरेल, मग बघू. स्टेंट म्हणजे वाट उघडी ठेवायला आत सरकवलेली बारीक पोकळ नळी. ताप नसेल तर आधी चांगली स्कॅन करून घ्या. स्टेंट टाकला की नळीच्या भिंती सुजतात, फुगलेली नळी आकसते आणि नंतरच्या चित्रात गाठ कुठवर गेलीय ते धूसर होतं. शिवाय वरपर्यंत जंतू पोचतात.

स्कॅन दोन प्रकारच्या. एमआरसीपी म्हणजे पित्ताच्या नळ्यांचा एमआरआय. त्यात क्ष-किरण नाहीत, नळ्यांचं झाड स्वच्छ दिसतं. पेसमेकर असेल तर आधी सांगायचं. दुसरी, शिरेतून औषध देऊन केलेली सीटी. गाठीचा रक्तवाहिन्यांशी संबंध तीत कळतो. तिच्यासाठी क्रिएटिनिन ठीक लागतं. रिपोर्टच्या कागदाबरोबर सीडी मागून घ्याच. सर्जन कागद बाजूला ठेवून सीडीच बघतात.

स्टेंट आधी लागतो तो नळीत जंतू असतील, बिलिरुबिन पंधराच्या फार वर असेल, किंवा ऑपरेशनला काही आठवडे लागणार असतील तेव्हा. आणि ऑपरेशन ज्यांच्याकडे व्हायचं त्यांना विचारून तो घातलेला बरा.

कुठल्या आजाराला कुठलं ऑपरेशन

खडा असेल तर सुटका सोपी. ईआरसीपीत तोंडावाटे दुर्बीण आतड्यापर्यंत नेऊन नळीचं तोंड किंचित कापतात आणि खडा बास्केटने किंवा फुग्याने ओढून काढतात. नंतर पित्ताशय दुर्बिणीने काढायचं, शक्यतो त्याच मुक्कामात, नाहीतर नवे खडे घसरतात. ईआरसीपीनंतर काही जणांना स्वादुपिंडाला सूज येते, म्हणून त्या रात्री पोटात जोरात दुखलं तर गॅस समजून गप्प बसू नका. प्लास्टिकचा स्टेंट ठेवला असेल तर तो साधारण तीन महिन्यांत काढावा किंवा बदलावा लागतो. विसरलेला स्टेंट ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट आहे: कावीळ गेली, माणूस कामाला लागला, वर्षाने तापाने फणफणून आला. तारीख कालनिर्णयावर लाल पेनाने लिहा.

पित्ताशयाच्या ऑपरेशनात मुख्य नलिकेला इजा होण्याचं प्रमाण हजारात तीन ते पाच. ते झालं तर आतड्याचा एक पट्टा वर आणून तो थेट यकृताच्या नळीला जोडतात. पहिली दुरुस्ती हीच सर्वांत चांगली टिकते, म्हणून ती असलं काम सतत करणाऱ्या सर्जनकडेच व्हावी. जन्मतः नळी फुग्यासारखी असेल तर ती फुगलेली नळी काढून हाच जोड देतात. ती न काढता ठेवली तर पुढे कर्करोगाचा धोका राहतो.

यकृतातला पू बहुतेक वेळा सर्जनच्या सुरीविना बरा होतो, औषधं आणि बारीक नळी पुरते. दारूने किंवा हिपॅटायटिसने कडक झालेल्या यकृताला कापून उपयोग नाही, तिथे विचार प्रत्यारोपणाचा. जिवंत दाता द्यायचा तर १९९४ च्या कायद्याने पती-पत्नी, आईवडील, मुलं, भावंडं, आजीआजोबा आणि नातवंडं जवळचे नातलग धरले जातात. बाकीच्यांना समितीची परवानगी लागते. मेंदूमृत दात्याच्या प्रतीक्षायादीत नाव रुग्णालयामार्फतच लागतं, कुणी मध्यस्थ पैसे मागत असेल तर उठून यावं.

गाठ असेल तर ती पाटाच्या कुठल्या टोकाला आहे ते बघायचं. वरच्या टोकाला, दोन नळ्या मिळतात तिथे असेल, तर नळीबरोबर यकृताचा अर्धा-पाऊण भाग काढावा लागू शकतो. ऐकून छाती दडपते, पण यकृत परत वाढतं. निरोगी यकृताचा पाव ते तीसेक टक्के भाग मागे राहिला तरी माणूस तगतो, कडक यकृताला चाळीस टक्के तरी लागतो. राहणारा भाग लहान असेल तर काढायच्या बाजूची रक्तवाहिनी आधी बंद करतात आणि चार ते सहा आठवडे थांबतात, तेवढ्यात उरलेली बाजू फुगते. हे थांबणं म्हणजे चालढकल नव्हे, उपचाराचाच भाग आहे. नातेवाइकांना हे आधी कोणी सांगत नाही आणि ते दुसरीकडे पळतात.

खालच्या टोकाची गाठ, काकांसारखी, असेल तर व्हिपल नावाचं ऑपरेशन. १९३५ मध्ये अ‍ॅलन व्हिपल ह्या अमेरिकन सर्जननी ते मांडलं. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय, नळीचं खालचं टोक, कधी जठराचाही तुकडा काढतात आणि मग स्वादुपिंड, पित्तनलिका व जठर असे तीन जोड आतड्याला देतात. पाच ते आठ तास लागतात. अनुभवी ठिकाणी ह्यात दगावण्याचं प्रमाण आज पाच टक्क्यांच्या आत आहे. अनुभवी हा शब्द इथे महत्त्वाचा.

कुठे जायचं आणि काय विचारायचं

सिंधुदुर्गातले लोक सवयीने बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजला जातात. जवळ पडतं, पण बाहेरच्या रुग्णांसाठीचे तिथले नियम आणि आकार आधी विचारून जा. चिपळूण-खेडकडच्यांना डेरवणचं वालावलकर रुग्णालय आहे. घाट चढून कोल्हापूर-मिरजही आहे. मुंबईत परळला केईएम आणि टाटा जवळजवळ आहेत. साधा खडा असेल तर मुंबई गाठायची गरज नाही, जिथे ईआरसीपी नियमित होते तिथे जा. गाठ, नळीची इजा किंवा यकृताचा भाग काढायचा असेल, तर अंतराचा विचार दुसरा ठेवा.

सर्जनला मी तीन प्रश्न विचारले. असली ऑपरेशनं इथे वर्षाला किती होतात? रात्री रक्तस्राव झाला तर मांडीतून तार घालून रक्तवाहिनी बंद करणारा रेडिओलॉजिस्ट ह्याच इमारतीत मिळेल का? ऑपरेशननंतर केमो लागली तर कुठे? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका ठिकाणी "बोलवून घेऊ" असं आलं, तिथून आम्ही निघालो. चांगल्या सर्जनला अशा प्रश्नांचा राग येत नाही.

पैशाचं: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत कवच आहे. रुग्णालय योजनेत आहे का आणि तुमचं नेमकं ऑपरेशन बसतं का, हे आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, दाखल होण्यापूर्वी विचारा. १५५३८८ वरही माहिती मिळते. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर ते गावातून निघायच्या आधी सरळ करा. काकांचं एकीकडे "गणपत" आणि दुसरीकडे "गणू", त्यात आमचे चार दिवस गेले. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. राहायला परळला नाना पालकर स्मृती समिती आणि दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, तिथे रुग्णालयाची कागदपत्रं दाखवावी लागतात.

देवगडहून कणकवली पन्नासेक किलोमीटर. तिथून तुतारी एक्स्प्रेसने निघालं की पहाटे दादर, आणि दादरहून परळ टॅक्सीने हाकेच्या अंतरावर. खालचा बर्थ मागा. डब्यात मऊ भात बरा, आणि खाजेसाठी ओला पंचा.

ऑपरेशनच्या आधीचे आठ-दहा दिवस

ह्या दिवसांत घरच्यांच्या हातात बरंच असतं. तंबाखू, विडी आणि मशेरी बंद. मशेरीला आपल्याकडे कोणी व्यसन मानत नाही, म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं की बायका "नाही" म्हणतात. नाव घेऊन सांगा. तीन चेंडूंचं फुंकणीसारखं यंत्र देतात, ते फुंकायचं नसतं, श्वास आत ओढून चेंडू वर न्यायचे असतात. काका चार दिवस फुंकत होते. रोज चालणं, जमेल तेवढं प्रथिन, म्हणजे अंडं, डाळ, उकडलेली मासळी. काविळीत मासळी बंद हे पथ्य इथे उलटंच पडतं, माणूस हाडकुळा होऊन टेबलावर जातो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची हे विचारा, मनाने थांबवू नका. रक्तदाते ठरवून ठेवा. वाडीतली मुंबईकर पोरं ह्या कामाला उपयोगी पडतात.

संमतीपत्रावर सही करताना एक वाक्य समजून घ्या: पोट उघडल्यावर गाठ पसरलेली दिसली तर ती न काढता फक्त पित्ताला वाट करून बंद करतील. ऑपरेशन दोन तासांत संपलं म्हणजे चांगलंच झालं, असं नसतं.

आयसीयूपासून वॉर्डपर्यंत

पोटातून दोन-तीन नळ्या बाहेर असतील. मी वहीत रोज नळीचं नाव, किती मिली आणि रंग लिहायचो. सुरुवातीला लालसर, मग पिवळट पाणी, हे चालतं. हिरवट-पिवळं दाट आलं तर पित्त गळतंय, दुधाच्या चहासारखं मळकट आलं तर स्वादुपिंडाचा जोड गळत असू शकतो, अचानक लाल झालं तर नर्सला हाक मारायची. तिसऱ्या दिवशी त्या पाण्यातलं अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाचा एक पाचक रस, तपासतात. गळती म्हणजे सगळं फसलं असं नव्हे, बहुतेक वेळा नळी जास्त दिवस ठेवून ती थांबते. काकांची नळी बावीस दिवस होती. जठर काही दिवस रुसतं, खाल्लेलं पुढे सरकत नाही, उलट्या होतात. तेही जातं. दुसऱ्या दिवसापासून खुर्चीत बसवतात, तेव्हा "राहू दे हो त्यांना" म्हणून आड येऊ नका.

घरी आल्यावर

लगेच गावी नेऊ नका. पंधरा दिवस मुंबईतच कुणाकडे राहा, बायोप्सीचा रिपोर्ट घ्या, केमोचं ठरवा.

जेवण दिवसातून सहा वेळा, थोडं थोडं. पेज, मऊ भात, मुगाचं वरण, उकडलेला पापलेट. वाटपाची कालवणं आधी बाजूला, सोलकढीऐवजी नारळ न घातलेलं कोकमाचं सार. शौच तेलकट होऊन पाण्यावर तरंगत असेल तर स्वादुपिंडाचे पाचक रस कमी पडतायत. त्या रसांच्या कॅप्सूल मिळतात, त्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या, जेवण झाल्यावर नाही. साखर तपासत राहा. दोन-तीन महिने कळशी, पेटी, ओंडका काही उचलायचं नाही, टाक्यांच्या जागी हर्निया होतो. यकृत कडक असलेल्याने कच्ची किंवा अर्धवट शिजलेली कालवं खाऊ नयेत आणि पायाला जखम असताना खाजणात उतरू नये. समुद्राच्या पाण्यातला एक जंतू अशा माणसाला एक-दोन दिवसांत नेऊ शकतो.

आतड्याला नळी जोडलेल्या माणसाला पुढे केव्हाही, अगदी काही वर्षांनीही, थंडी वाजून ताप येऊ शकतो. जोड आकसला की पित्त परत तुंबतं. कोकणात पावसाळ्यात असा ताप आला की डॉक्टर मलेरिया आणि लेप्टोकडे बघणार, ते बरोबरच आहे, पण त्यांना जोडाचं माहीत हवं. म्हणून डिस्चार्ज कार्डाची एक प्रत गावच्या डॉक्टरांकडे द्या, एक मोबाइलमध्ये ठेवा आणि एक घरात दिसेल अशी टांगा.

आमच्याकडे ती माजघरात खिळ्याला पिशवीत टांगलेली आहे. दुसऱ्या पावसाळ्यात श्रावणात काकांना हुडहुडी भरली. मी डोंबिवलीहून फोन लावेपर्यंत काकी पिशवी घेऊन रिक्षात बसली होती. दवाखान्यात पोचल्यावर तिने आधी कार्ड टेबलावर ठेवलं आणि डॉक्टरांना म्हणाली, "आधी ह्या वाचा, मगे त्यांका बघा."